‘मायक्रोबायोम’ला ‘जंतुसृष्टी’ म्हणावे काय?

जुनी_इंदूरची :
आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी आतडे आणि झाडाचे मूळ यांतील साम्यावर लेख लिहीत आहे. दोन्ही ठिकाणी पोषण शोषले जाते आणि दोन्ही ठिकाणी यजमान स्वतः सूक्ष्मजीवांना खाऊ घालतो. मूळ शर्करा व आम्ले पाझरते, तर आतड्यातील चिकट आवरणावर तेथील जिवाणू पोसले जातात. ‘मायक्रोबायोम’साठी, म्हणजे एका जागी राहणाऱ्या सगळ्या सूक्ष्मजीवांच्या समुदायासाठी, मी ‘आतड्यातील जंतुसृष्टी’ असे लिहिले. सासूबाईंनी मसुदा वाचला आणि म्हणाल्या, “पोटात जंत झाले की आम्ही वावडिंग देत होतो, आणि तू त्यांचे कौतुक करतेस?” दुसरा शब्द सुचवावा.

शुद्धलेखक :
‘जंतू’ मूळचा निर्दोष आहे. ‘जन्’ म्हणजे जन्मणे, म्हणून जो जन्मतो तो जंतू. रोग त्याला आपण चिकटवला. सासूबाईंच्या धाकाने चांगला शब्द टाकून देऊ नये.

बीजोपचार :
व्युत्पत्ती बियाण्याच्या पिशवीवर छापता येत नाही. शेतकऱ्याला ‘जंतू’ म्हटले की तो फवारणीचा पंप काढतो. ‘सूक्ष्मजीवसृष्टी’ चालेल, पण त्यातून कोण राहतो एवढेच कळते. जागा कोणी धरून ठेवली आहे, हे कळत नाही, आणि रोगनियंत्रणाचे मर्म तर तेच आहे. मुळाशी स्युडोमोनास हा जिवाणू आधी वसला, तर तो लोह बांधून घेतो आणि रोगकारक बुरशीची उपासमार होते. माणसातही तसेच आहे. प्रतिजैविकांनी आतडे ओसाड झाले की क्लोस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल हा जुलाब लावणारा जिवाणू माजतो. तो वारंवार उलटत असेल, तर निरोगी माणसाच्या विष्ठेतील सूक्ष्मजीव रुग्णाच्या आतड्यात सोडून ती वस्ती पुन्हा बसवतात. म्हणून मी ‘सूक्ष्मजीववस्ती’ म्हणेन.

जुनी_इंदूरची :
‘वस्ती’ आवडला. मात्र पुढचे प्रकरण ‘जैविक नियंत्रण’ असे आहे.

शुद्धलेखक :
येथे मात्र माझी सक्त हरकत आहे. इंदुरात हिंदीतील ‘जैविक खेती’ रोज कानावर पडते, त्यामुळे येथील मराठी वाचक ‘जैविक’ म्हणजे सेंद्रिय असेच समजणार. ज्या शहरात इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात काम करून कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली, तेथे तरी ‘सेंद्रिय’ आणि ‘जैविक’ यांची सरमिसळ होऊ नये. पिकाच्या शत्रूवर सजीव सोडणे वेगळे, खतात रसायन न घालणे वेगळे.

बीजोपचार :
सरमिसळ केवळ शब्दांत होत नाही. एका वर्षी वडिलांनी सोयाबीनच्या बियाण्याला रासायनिक बुरशीनाशक आणि ट्रायकोडर्मा एकाच घमेल्यात चोळले. ट्रायकोडर्मा दुसऱ्या बुरशांना विळखा घालून खात असली, तरी तीही बुरशीच, मेली बिचारी. आम्ही त्या पावडरीला ‘औषध’ म्हणत होतो, आणि औषधात औषध मिसळले तर बिघडते काय, असा त्यांचा सरळ हिशेब होता. ‘जिवंत बुरशी’ म्हटले असते, तर घमेले वेगळे घेतले असते.

दही_पोहे :
तज्ज्ञांच्या मध्ये बोलते, क्षमा असावी. ही सगळी गोष्ट स्वयंपाकघरात रोज घडते. विरजण दमदार असेल तर दूध लवकर आंबट होते आणि नासवणाऱ्यांना थारा राहत नाही. विरजण जुनाट असेल तर दह्याला तार सुटते. ट्रायकोडर्माला ‘मातीचे विरजण’ म्हटले, तर कोणालाही समजावे. अर्थात आमच्या घरी ‘जामन’ म्हणतात.

शुद्धलेखक :
‘जामन’ हिंदी आहे. मराठीत ‘विरजण’च म्हणावे.

दही_पोहे :
आमच्या चार पिढ्या याच गावी दही लावत आहेत आणि आजीसुद्धा ‘जामन’च म्हणत असे. तिचे मराठी अशुद्ध ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

बीजोपचार :
आम्ही रायझोबियमच्या, म्हणजे मुळांच्या गाठींत नत्र बांधणाऱ्या जिवाणूच्या, पाकिटाला ‘कल्चर’ म्हणतो, तेही शेवटी विरजणच.

जुनी_इंदूरची :
अंक परवा छापायला जाणार आहे. तूर्त ‘सूक्ष्मजीववस्ती’ लिहून ठेवते. सासूबाईंना ‘विरजण’ पसंत पडले, पण आतड्यात विरजण कोणी लावले, असे त्या विचारत आहेत.

शुद्धलेखक :
बाळंतपणात आईने. पण ‘लावले’ नव्हे, विरजण ‘घालतात’.