अवकाश दुर्बिणींच्या विदेवर (डेटावर) शाळेत अभ्यास करायचा आहे, वीस हजार रुपयांत काय घ्यावे?

पांढरं_सोनं (धागाकर्ता)
नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. सूर्यमालेबाहेरील ग्रहांचा विषय निघाला असता एका मुलीने विचारले, "सर, तिथे ग्रह आहे हे आपल्याला स्वतः तपासता येईल का?" मी हो म्हणून बसलो आणि तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाही. केपलर आणि टेस या अवकाश दुर्बिणींची विदा सर्वांना खुली आहे, एवढे मला ठाऊक आहे. गावातील दोन शेतकऱ्यांनी यंदा कापूस विकल्यावर शाळेसाठी मिळून वीस हजार रुपये दिले. शाळेत 4 जीबी रॅमचे दोन जुने संगणक आहेत, वीज दुपारी हमखास जाते आणि मोबाईलचे नेटवर्क गच्चीवर गेल्याशिवाय धड मिळत नाही. या रकमेत काय घेतले असता मुलांना खऱ्या विदेवर काम करता येईल?

वर्धेचा_आकाशवेडा
सर, आपण आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण घ्यावी. मी घेतली तेव्हा पन्नास हजारांहून अधिक खर्च आला, पण आजवर एका रुपयाचाही पश्चात्ताप झालेला नाही. मागच्या हिवाळ्यात ती बंडीत घालून चार गावांत नेली आणि शनीची कडी पाहून म्हातारी माणसेसुद्धा अर्धा तास जागची हलली नाहीत. संगणकावरील आकडे पाहून मुलांना आकाशाची ओढ लागत नाही.

पांढरं_सोनं
आपला उत्साह मोलाचा आहे, परंतु रक्कम वीस हजारच आहे आणि प्रश्न अवकाश दुर्बिणींच्या विदेचा आहे.

अकोला_संगणक
दुर्बीण राहू द्या, निदान 16 जीबी रॅमचा चांगला लॅपटॉप घ्या. पैसे कमी पडत असतील तर आणखी दोन देणगीदार गाठा. मी स्वस्तात भागवायला गेलो, टेसच्या एका सेक्टरची, म्हणजे आकाशाच्या एका पट्ट्याची, संपूर्ण चित्रे उतरवायला लावली आणि तिसऱ्या दिवशी डिस्क भरून संगणक बंद पडला. त्यानंतर मोठी मशीन घेतली, तेव्हा कुठे काम सुरू झाले.

शोधछात्रा_अमरावती
वरील अनुभव खरा आहे, पण ती चित्रे उतरवण्याची सरांना गरजच नाही. टेस 18 एप्रिल 2018 रोजी प्रक्षेपित झाली. ती आकाशाचा एक पट्टा सुमारे 27 दिवस न्याहाळते आणि मग पुढच्या पट्ट्याकडे वळते. त्या पट्ट्यातील निवडक ताऱ्यांचे तयार प्रकाश-आलेख, म्हणजे दर दोन मिनिटांना तारा किती तेजस्वी होता याचे आकडे, बाल्टिमोरच्या मास्ट या संग्रहात विनामूल्य मिळतात. अशी एका ताऱ्याची एका सेक्टरची फाईल दोन-तीन एमबीच्या पलीकडे क्वचितच जाते. लाइटकर्व्ह ही पायथन या संगणकीय भाषेतील सुविधा गूगल कोलॅब या संकेतस्थळावर चालते आणि सगळी आकडेमोड तिकडच्या संगणकावर होत असल्याने आपले जुने संगणकही पुरतात.

सुरुवात एचडी 189733 या ताऱ्यापासून करावी. तो जंबुक तारकासमूहात सुमारे 64 प्रकाशवर्षांवर आहे. त्याचा ग्रह दर 2.2 दिवसांनी ताऱ्यासमोरून जातो आणि प्रत्येक अधिक्रमणात ताऱ्याचे तेज सुमारे 2.4 टक्क्यांनी घटते. ही घट म्हणजे ताऱ्याच्या तबकडीचा ग्रहाने झाकलेला भाग, आणि क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गानुसार बदलते. 0.024 चे वर्गमूळ 0.155 येते, म्हणजे ग्रहाची त्रिज्या ताऱ्याच्या त्रिज्येच्या साधारण साडेपंधरा टक्के ठरते. हे गणित नववीच्या मुलांना फळ्यावर करता येते. आलेख सपाट नसून हळूहळू वरखाली होताना दिसेल. तो दोष समजू नये, कारण या ताऱ्यावर मोठे डाग आहेत आणि तो स्वतःभोवती फिरत असल्याने तेज बदलत राहते.

लोणार_काठ
ताईंच्या माहितीला माझ्या चुकीची जोड देतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या शिकवणीतील मुलांना एका ताऱ्याच्या आलेखात दर तीन दिवसांनी येणारा नीटस खड्डा सापडला. त्या ताऱ्याचे नाव ग्रहांच्या यादीत नव्हते. आम्ही पेढे वाटले, सरपंचांनी मुलांचा सत्कार केला आणि मी रात्रभर जागून टिपण लिहिले. नंतर एका जाणकाराने त्याच जागेची गाया या ताऱ्यांची स्थाने मोजणाऱ्या अवकाश दुर्बिणीची विदा पाहायला सांगितली, तेव्हा शेजारीच दुसरा एक अंधूक तारा निघाला. तो पिधानकारी जोडतारा होता, म्हणजे दोन तारे आळीपाळीने एकमेकांना झाकत होते आणि त्यांची घट आमच्या ताऱ्याच्या नावावर जमा होत होती.

टेसचा एक पिक्सेल आकाशात 21 विकला (एक विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) रुंद असतो. केपलरचा साधारण 4 विकलांचा होता. टेसच्या एकेका पिक्सेलमध्ये शेजारपाजारचा प्रकाश सहज मिसळतो, म्हणून ग्रह म्हणण्याआधी गायाच्या यादीत शेजारी पाहावेत. मुलांचे उतरलेले चेहरे मला अजून आठवतात. मात्र त्यातल्याच एका मुलाने पुढे चिकाटीने त्या जोडताऱ्याचा आवर्तकाळ काढला, हेही सांगितले पाहिजे.

संत्राबाग_काटोल
आपल्या देशाची ॲस्ट्रोसॅट ही दुर्बीण 28 सप्टेंबर 2015 पासून अवकाशात असताना आपण अमेरिकेच्या संग्रहाचीच चर्चा करतो, याचे मला दुःख होते. तिची विदा बंगळूरजवळील इस्रोच्या विदा केंद्रातून नोंदणी करून मिळते आणि पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेत मार्गदर्शनाची सोय आहे. मुलांनी आधी आपली दुर्बीण ओळखावी.

शोधछात्रा_अमरावती
दादा, ॲस्ट्रोसॅटचा अभिमान मलाही आहे आणि माझे स्वतःचे काम तिच्याच क्ष-किरण विदेवर चालते. म्हणूनच सांगते की त्या विदेला लिनक्स, वेगळी सॉफ्टवेअरे आणि महिनोन्‌महिन्यांचा सराव लागतो. एकाच उपग्रहावर अतिनील आणि क्ष-किरण उपकरणे आहेत हे मुलांना जरूर शिकवावे. नववीच्या हाती द्यायला मात्र प्रकाश-आलेखच योग्य आहे.

संत्राबाग_काटोल
अतिनील दुर्बिणीची चित्रे तरी दाखवता येतील. माझे मत कायम आहे.

चिखलदरा_रात्र
झूनिव्हर्स या लोकसहभागी संशोधनाच्या संकेतस्थळावरील प्लॅनेट हंटर्स टेस या प्रकल्पात आलेख पाहून खड्डे खुणावायचे असतात. आमच्याकडची मुले ते मोबाईलवर करतात. केपलरच्या विदेतील केआयसी 8462852 हा तारा याच प्रकल्पाच्या जुन्या आवृत्तीतील स्वयंसेवकांच्या नजरेत भरला होता आणि त्याच्या तेजात कधी कधी 20 टक्क्यांहून अधिक घट दिसली होती. याला एक रुपयाही लागत नाही. वीस हजारांची दुर्बीण घ्या, कारण मेळघाटासारखे काळेभोर आकाश आपल्या भागात अजून शिल्लक आहे.

गोंदिया_तलाव
मीही लॅपटॉपच सुचवीन. कोलॅबचा उल्लेख कोणी केला नसल्यास तेही पाहावे. दुर्बीण मुळीच घेऊ नये. मी ऑनलाइन स्वस्तातली घेतली होती, एका पावसाळ्यात आरशावर बुरशी चढली आणि विक्रेत्याने नंतर फोनही उचलला नाही.

वर्धेचा_आकाशवेडा
आरसा ओलाव्यात ठेवला तर बुरशी येणारच, हा दोष दुर्बिणीचा नव्हे.

पांढरं_सोनं
सर्वांचे मनापासून आभार. मी सगळे वाचले, दोन रात्री गच्चीवर बसून मोबाईलवर कोलॅब चालवून पाहिले आणि एचडी 189733 चे आकडे सीएसव्ही फाईलमध्ये उतरवले. पडद्यावर पहिला खड्डा दिसला, तेव्हा अंगावर काटा आला. तरीही मी दुर्बीण घेत नाही आणि लॅपटॉपही घेत नाही. शाईच्या टाकीचा प्रिंटर आणि आलेख कागदांचे गठ्ठे घेतो, उरलेल्या पैशांत संगणकासाठी बॅटरी येईल.

त्या मुलीने "स्वतः" हा शब्द वापरला होता. कोलॅबवर बटण दाबताच आलेख तयार होऊन येतो, मग मुलांनी स्वतः काय केले असे मला वाटत राहते. वर्गात 31 मुले आहेत. ताऱ्याचा एकेक दिवस एकेकाला आकड्यांच्या छापील कागदावर द्यायचा, त्याने बिंदू मांडायचे, आणि उरलेल्या चौघांनी ते 27 कागद व्हरांड्याच्या भिंतीवर क्रमाने जोडायचे, असे ठरवले आहे. वीज गेली तरी हे काम थांबत नाही. अडचण एवढीच आहे की दर दोन मिनिटांचा आकडा घेतला तर एका मुलाच्या वाट्याला 720 बिंदू येतात.

शोधछात्रा_अमरावती
सर, पंधरा मिनिटांची सरासरी घ्या. दिवसाला 96 बिंदू होतील आणि अधिक्रमण पावणेदोन तासांच्या आसपास चालत असल्याने खड्ड्यात सहा-सात बिंदू तरी पडतील. तासाची सरासरी घेतली तर खड्डा एक-दोन बिंदूंतच विरून जाईल. उभ्या अक्षाचे प्रमाण सर्व कागदांवर एकच ठेवा, नाहीतर जोडताना रेषा जुळणार नाही. टेसच्या वेळेच्या मोजणीत दिवस मध्यरात्री न बदलता दुपारी बारा वाजता बदलतो, तेव्हा कागदांवर तारखा घालताना तेवढे सांभाळा.

लोणार_काठ
टेस सुमारे 13.7 दिवसांत पृथ्वीभोवती एक फेरी पूर्ण करते आणि जवळ आल्यावर विदा खाली पाठवते, त्यामुळे सेक्टरच्या मधोमध आकडे मिळत नाहीत. ज्याच्या वाट्याला तो दिवस येईल त्याला आधी समजावून सांगा आणि त्याचा कागद कोराच भिंतीवर लावा.

पांढरं_सोनं
तो कागद त्या मुलीलाच देतो. दुर्बीण त्या दिवशी काय करत होती, हे ती त्यावर लिहील.