आधी भागाकार आणि ऋण चिन्ह तपासा
"आठवीच्या पोरांना बीजगणितच झेपत नाही" असं म्हटलं जातं. वह्या पाहा, गाडी बहुतेक अंकगणितातच अडकलेली असते. ५ − ३क्ष = १७ घ्या. पोरगं −३क्ष = १२ पर्यंत नीट येतं आणि क्ष = ४ लिहून मोकळं! १२ ÷ (−३) पक्कं नसतं, म्हणून उणे गिळलं जातं. "पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं" ही घोकंपट्टी तर आणखी घात करते: ३क्ष = १२ वरून क्ष = १२ − ३. दोन्ही बाजूंना तीच क्रिया लिहायला लावा.

आपल्याकडे कापूस वेचणीचा हिशेब आहेच. किलोला ८ रुपये, ५० रुपये उचल कापून हाती १९०. किती किलो वेचला? ३० हे पोरं तोंडीच सांगतात. मग ८क्ष − ५० = १९० लिहून विचारा, आधी ५० का मिळवले?