डायनोवर आउटबोर्ड इंजिनाच्या कपलिंगचे रबर का फाटते?

प्रश्न: भोसरीतील आमच्या कार्यशाळेत दोन सिलिंडरांचे फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन (बोटीच्या मागे बाहेरून लावायचे) एडी करंट डायनोला, म्हणजे चुंबकीय ब्रेकने भार देऊन इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राला, जोडले आहे. १५०० आरपीएमच्या आसपास शाफ्ट खडखडतो आणि कपलिंगचे (इंजिन व डायनोचे शाफ्ट जोडणाऱ्या भागाचे) रबर आतून चिकट होऊन फाटते. पाण्यात हेच इंजिन शांत चालते. असे का व्हावे?

उत्तर १: पाण्यात प्रोपेलरचे जडत्व कमी असते आणि पाणी कंपने शोषून घेते, डायनोचा जड रोटर मात्र भिंतीसारखा अडून बसतो, त्यामुळे फ्लायव्हील आणि कपलिंग मिळून पिळाची वेगळीच नैसर्गिक वारंवारिता (शाफ्ट सेकंदाला किती वेळा आपोआप पिळून सुटतो तो दर) तयार होते. इंजिनात ज्वलन समान अंतराने होत असेल, तर १५०० आरपीएमला सेकंदाला २५ धक्के बसतात आणि अनुनाद, म्हणजे धक्क्यांचा दर या वारंवारितेशी जुळून कंपने वाढत जाणे, नेमका तिथेच आला असावा. रबर आतून वितळणे हे त्याचेच लक्षण आहे.

उत्तर २: सहमत आहे. ताठ कपलिंग कृपया लावू नका. अनुनाद वर सरकून थेट चाचणीच्या वेगांत येईल. वारंवारिता निम्मी करायची तर ताठरपणा एक चतुर्थांशावर आणावा लागतो, म्हणून पुरेसे मऊ कपलिंग निवडून अनुनाद आयडलच्या (भाराविना संथ चालण्याच्या वेगाच्या) खाली न्या आणि इंजिन सुरू करताना तो टप्पा विनालोड, झटकन ओलांडा.

उत्तर ३: त्याआधी स्पार्क प्लग तपासा. एक सिलिंडर मिसफायर होत असल्यास (त्यात इंधन पेटत नसल्यास) दर दोन फेऱ्यांना एक धक्का बसतो आणि खाली नेलेला अनुनाद दुप्पट वेगावर पुन्हा उभा राहतो.