मदत हवी आहे: ए-लेव्हल स्पॅनिशची तोंडी परीक्षा

नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. लेक सिक्स्थ फॉर्म कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, ए-लेव्हलला (म्हणजे आपल्या बारावीसारखं) स्पॅनिश घेतलंय, बोर्ड एक्यूए. जीसीएसई (दहावीसारखी परीक्षा) तिला सोपं गेलं होतं. ‘मे गुस्ता’ म्हणजे आपलं ‘मला आवडतं’च की, तिथे मराठी कामी आली! आता मात्र सबजंक्टिव्हने, म्हणजे इच्छा, शंका वगैरे सांगताना वापरायच्या क्रियापदाच्या रूपाने, घाम फोडलाय. ‘किएरो के वेंगास’ म्हणजे ‘तू यावंस असं मला वाटतं’, हे मी समजावलं. पण बोलताना चूक होतेच.

खरी काळजी तोंडी परीक्षेची. स्वतः निवडलेल्या विषयावर दोन मिनिटं सादरीकरण आणि मग नऊ-दहा मिनिटं प्रश्नोत्तरं. तिने हुकूमशहा फ्रँकोनंतरचं स्पेन निवडलंय: राजकीय गुन्ह्यांना माफी देणारा 1977 चा कायदा ते हुकूमशाहीच्या बळींची दखल घेणारा 2022 चा लोकशाही स्मृती कायदा. विषय भारी, पण दोन मिनिटांत बसवायचा कसा?

कुणाच्या मुलांनी ही परीक्षा दिली आहे का? विषय अरुंद करावा का? आणि आठवड्यातून एकदा ऑनलाइन नुसत्या गप्पा मारणारं कुणी स्पॅनिशभाषक माहीत आहे का? पाठांतर करून घेणारी शिकवणी नको, ती एकदा करून झाली.