'अव्यक्त ज्ञान' की 'मुरलेलं ज्ञान'?

प्रश्न : ज्ञान व्यवस्थापनावरच्या एका प्रकरणाचा अनुवाद करतेय. 'टॅसिट नॉलेज'साठी 'अव्यक्त ज्ञान' सर्रास वापरतात, पण मला तो शब्द खटकतो. अव्यक्त प्रेमासारखं वाटतं. सांगता येत होतं, पण सांगितलं नाही. दुसरा शब्द सुचवाल का?

प्रतिसाद : तुमचा आक्षेप रास्त आहे. ही कल्पना मांडणारे तत्त्वज्ञ मायकेल पोलान्यी यांचं म्हणणंच असं, की आपल्याला सांगता येतं त्याहून जास्त ठाऊक असतं. यंत्राच्या आवाजावरून बेअरिंग जायला आलंय हे ओळखणारा फिटर घ्या. कसं कळलं विचारलं, तर 'आवाज वेगळा येतोय' यापलीकडे त्याला सांगता येत नाही. यात लपवाछपवी नाही, त्याचा कान तयार झालेला असतो. कान तयार होणं, हात बसणं, हातोटी असे शब्द आपण रोज वापरतो. म्हणून मी 'मुरलेलं ज्ञान' म्हणेन.

नवोन्मेषाचा, म्हणजे 'इनोव्हेशन'चा, धागा इथेच आहे. १९८५ च्या सुमारास जपानमधल्या ओसाकाच्या मात्सुशिता (आताची पॅनासॉनिक) कंपनीत घरगुती पाव-यंत्र तयार होत होतं. पाव बाहेरून करपायचा, आतून कच्चा राहायचा. कणकेचे एक्स-रे काढूनही उलगडा होईना. शेवटी इकुको तनाका या सॉफ्टवेअर अभियंता एका हॉटेलच्या मुख्य पाववाल्याच्या हाताखाली शिकायला गेल्या. तो कणीक एका विशिष्ट तऱ्हेने ताणतो, हे त्यांनी हेरलं. मग वर्षभर खटपट करून अभियंत्यांनी यंत्राच्या आत खास कंगोरे बसवले आणि ते ताणणं यंत्रात उतरलं. हे कुठल्याही फायलीत सापडलं नसतं. 'ज्ञान व्यवस्थापन' म्हणजे कागदपत्रं नीट लावून ठेवणं, ही समजूत म्हणूनच मला घातक वाटते.

आणखी एक मत : 'इनोव्हेशन'ला 'नवोपक्रम' नको, उपक्रम तर शाळेतही रोज होतात. 'नवोन्मेष'च ठेवा. उन्मेष म्हणजे उघडणं, उमलणं. संस्कृत काव्यशास्त्रात प्रतिभेला 'नवनवोन्मेषशालिनी प्रज्ञा' म्हटलंय. आधी असलेलंच नव्याने उमलतं, हा अर्थ पाव-यंत्राला चपखल बसतो. 'मुरलेलं' मात्र पाठ्यपुस्तकाला जरा घरगुती वाटेल.

प्रश्नकर्ती : घरगुती असलं तरी वाचताक्षणी कळतं. 'मुरलेलं' घेतेय. मग 'एक्सप्लिसिट'ला 'व्यक्त'ऐवजी 'मांडलेलं ज्ञान' चालेल? 'मुरलेलं ज्ञान मांडलं गेलं, की ते दुसऱ्या विभागाच्या हाती लागतं', असं वाक्य केलंय.

प्रतिसाद : चालेल. फक्त 'मांडलं गेलं' काढून 'मांडलं' करा.