कामाच्या जातीचं कुत्रं आणि शहरातला गोंगाट : तुमचे अनुभव सांगा

विजापूररोडकर : काल संध्याकाळी सोलापुरात सात रस्त्याला एक पोरगं मॅलिनॉइस (पोलीस-फौजेत असतं ते बेल्जियन शेफर्ड) घेऊन उभं होतं. कुत्रं वर्षाचं असेल नसेल, जाईल त्या बुलेटवर झेप टाकायलंय आणि पोरगा दोन्ही हातांनी पट्टा ओढायलाय. लोक हसत होते. मला आमचा शेरा आठवला आणि पोटात कालवलं.

शेरा जर्मन शेफर्ड. घरात 'बैस' म्हणलं की बसायचा, 'थांब' म्हणलं की ताटलीसमोर लाळ गाळत थांबायचा. आम्हाला वाटलं झालं ट्रेनिंग. त्याच जोरावर गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत त्याला नंदीध्वजाच्या उंच काठ्यांची मिरवणूक बघायला नेला. काठ्या अजून दिसतही नव्हत्या, नुसता हलगीचा आवाज आला आणि हा जागेवर खिळला. कान मागं, शेपटी पोटाखाली, थंडीत जीभ बाहेर. मी आपला 'बैस बैस' ओरडतोय, वर पट्ट्याला झटके देतोय. त्यानं मान मागं घेतली, गळपट्टा डोक्यावरून निसटला आणि शेरा गेला. रात्री अकराला कंबर तलावापाशी एका हातगाड्याखाली सापडला, पंजे सोलवटलेले. मला बघून आधी मागंच सरकला. ते अजून विसरता येत नाही.

ओळखीचे एक निवृत्त फौजी होते, कुत्री सांभाळलेले. ते म्हणाले, "त्याला बैस येतं, पण तुमच्या हॉलमधलं. रस्त्यावरचं बैस त्याला कोणी शिकवलंय का?" मग वर्षभर तेच केलं. लग्नाची वरात दिसली की लांब, आवाज जेमतेम येईल तिथं उभं राहायचं आणि उकडलेल्या काळजाचे बारीक तुकडे द्यायचे. तुकडा तोंडात घेतला तर ठीक, नाही घेतला तर आपण फार जवळ आलोय, दहा पावलं मागं. पुढच्या गड्ड्याला गर्दीत नेला नाहीच. होम मैदानावर दारूकाम चालू असताना गच्चीवर माझ्या पायाशी पडून होता, कान तेवढे हलत होते. तुमचं सांगा.

शेंगापोळी : वाचून रडू आलं हो दादा 😢 आमच्या डॉबरमॅनला लिफ्टची भीती, चौथा मजला. तीन आठवडे नुसतं दार उघडं ठेवून आत-बाहेर, आत-बाहेर. शेजारच्या काकू बटण दाबून उभ्या राहायच्या बिचाऱ्या. आता स्वतः आत जाऊन दाराकडं तोंड करून बसते. कुकर झालाय, नंतर लिहिते

होटगी रोड : उन्हाचं कोणीच बोललं नाही. एप्रिलमध्ये आपल्याकडं डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवून बघा, ठेववत नसेल तर त्याचे पंजेही भाजणार. आम्ही पहाटे साडेपाचला निघतो. दुपारी घरात वास काढायचा खेळ, टॉवेलच्या घड्यांत खाऊ लपवायचा. वीस मिनिटांत गडी दमतो, नाक चाललं की डोकं दमतं.

भीमाकाठ : आमचा मुधोळ हाउंड आहे. याला शेफर्डचे नियम लावू नका. नजरेनं शिकार करणारी जात, पळतं काही दिसलं की कान बंद. तीस फुटी सुती दोरीवर बोलवायला शिकवला, आठ महिने, आणि तरी शहरात दोरी सोडत नाही. २०१६ ला फौजेनं मुधोळची पिल्लं मेरठला ट्रेनिंगला नेली तेव्हा आमच्या आजोबांची छाती फुगली होती, त्यांच्या वस्तीवर पिढ्यान्‌पिढ्या हीच कुत्री.

पूजाताई : रोज काय घालता खायला? आमचा लॅब भाकरी-चटणीशिवाय हलत नाही 😄

शेंगापोळी : ताई भाकरी द्या पण शेंगाचटणी नको ओ, लसूण असतो. कुत्र्याला लसूण-कांदा बाधतो.

पूजाताई : अगंबाई. बंद आजपासून

माळावरचा : मंगळवेढा रस्त्याला धनगरांची मेंढरं बसलेली असतात तिथं कधी त्यांचं कुत्रं बघा. ट्रक जाऊ दे नाहीतर एसटी, मान वर करून बघतं आणि परत पंजावर ठेवतं. दिवसभर काम झालेलं असतं त्याचं आणि पिल्लू असल्यापासून ट्रकची सवय. जर्मन शेफर्ड तरी मुळात काय, मेंढ्या राखणारंच, १८९९ ला मॅक्स फॉन स्टेफानिट्झनं त्याच कुत्र्यांतून जात बांधली. आमच्या मेव्हण्यांनी फ्लॅटमध्ये बॉर्डर कॉली आणलीय, ती पोरांना हॉलच्या कोपऱ्यात गोळा करते, घोट्याला दात लावते. लोक म्हणतात चावकी आहे. अहो तिला मेंढरं नाहीत तर ती पोरं वळतेय. तिला रोज काहीतरी काम द्या ना.

अशोकचौक : आम्ही लसीचे डोस पूर्ण होईपर्यंत पिल्लू घराबाहेर काढलंच नाही. चार महिन्यांनी काढलं तर रिक्षालाही घाबरायलंय. दुसऱ्या पिल्लाला डॉक्टरांनी सांगितलं तसं कडेवर घेऊन नव्या पेठेत फिरवलं, जमिनीवर न टेकवता. तीन महिन्यांपर्यंत जे बघतात ते त्यांना आपलं वाटतं. पहिलीचं वाईट वाटतं, तिची चूक नव्हती.

विजापूररोडकर : @अशोकचौक अजून जमेल, शेरा तीन वर्षांचा होता.

रॉटीवाला : जाळीच्या मझलची (तोंडावर बांधायच्या मुसक्याची) सवय सगळ्यांनी लावा, चावत नसलं तरी. दवाखान्यात लागतेच. मी आतून दही आणि बिनमिठाचं शेंगदाण्याचं कूट लावायचो, तो स्वतःहून तोंड घालायचा, बक्कल दहाव्या दिवशी. ओढून घातली असती तर जन्मभर वैर.

शेंगापोळी : कूटाची आयडिया भारी. माप कसं घेतलं?

रॉटीवाला : नाकाच्या टोकापासून डोळ्यांपर्यंत टेपनं. आत तोंड उघडून धापता आलं पाहिजे एवढी मोकळी घ्या, उन्हाळा आहे.

विजापूररोडकर : तो पोरगा आज परत दिसला. शेराचं सगळं सांगितलं. रविवारी पहाटे तलावाकडं येतो म्हणालाय, कुत्र्याला घेऊन. काळीज आणून ठेवतो.