सोलापुरात आरसी (रिमोटवर उडणारं) लढाऊ विमान उडवायला शिकायचंय. पहिलंच तीन सेकंदांत पडलं, चुकलं कुठं?

टॉवेलवाला

मंडळी, नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझे टेरी टॉवेलचे माग आहेत. वय ४४. गेल्या वर्षी मालाच्या कामाला दिल्लीला गेलो होतो. गाडीला वेळ होता म्हणून पालमचं हवाई दलाचं संग्रहालय बघायला गेलो आणि तिथं स्पिटफायर हे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान बघितलं. पंखाचा तो लंबगोल आकार डोळ्यांतून जाईना. घरी आल्यावर रोज रात्री एक-दीडपर्यंत व्हिडिओ. बायको म्हणाली, आता हे काय नवीन काढलंत.

तर मी ऑनलाइन एक फोमचं मस्टँग (त्याच काळातलं अमेरिकी लढाऊ विमान) मागवलं. पंखांची लांबी १.२ मीटर, चाकं आत मिटणारी, सोबत सहा चॅनेलचा रिमोट. स्पिटफायर शिल्लक नव्हतं. गेल्या रविवारी सकाळी पोराला घेऊन जुळे सोलापूरच्या एका मोकळ्या प्लॉटवर गेलो. मुरमाची जमीन, बऱ्यापैकी सपाट. फुल्ल थ्रॉटल, म्हणजे मोटरला पूर्ण जोर दिला. विमान सरळ जायचं सोडून डावीकडं पळालं. तेवढ्यात उचललं, माणूसभर उंच गेलं आणि डावा पंख खाली टाकायला लागलं. मी रिमोटची काठी उजवीकडं दाबली तर सरळ व्हायच्या ऐवजी आणखीनच डावीकडं पालथं झालं आणि नाकावर पडलं. प्रोपेलर तुटला, नाक चेपलं, एक चाक गायब. पोरगं म्हणतंय, "पप्पा, परत एकदा दाखवा ना."

मला एवढंच कळायचंय: उजवीकडं दाबल्यावर डावीकडं का पडलं? रिमोटमध्ये उलटसुलट झालंय का? आणि सोलापुरात शिकवणारं कोणी माहीत नाही, तर आपलं आपण शिकता येतं का?

---

पुणेकर_फोमवाला

पोहायला शिकायला उजनी धरणाच्या मधोमध उडी मारलीत तुम्ही. मस्टँग गुंडाळून कपाटावर ठेवा. वरच्या पंखाचं ट्रेनर, म्हणजे शिकाऊ विमान घ्या, पंख इंग्रजी व्हीसारखे थोडे वर उचललेले असतील असं. काठी सोडली की ते आपोआप सरळ होतं. बाकी नंतर.

---

निवृत्त लाइनमन, शेळगी

टॉवेलवाले साहेब, रिमोट उलटा नाही. तुम्ही बरोबर दाबलंत म्हणूनच ते पडलं. कसं ते सांगतो, जरा लांबेल.

आधी डावीकडं का पळालं ते बघा. मागून, म्हणजे पायलटच्या जागेवरून बघितलं तर प्रोपेलर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरतो. तो उजवीकडं फिरतो म्हटल्यावर विमानाचं अंग डावीकडं कलायला बघतं, डाव्या चाकावर भार येतो. प्रोपेलरची हवा अंगाला वेटोळं घालत मागं जाते आणि शेपटीच्या उभ्या पात्याला डाव्या अंगानं धडकते, की नाक आणखी डावीकडं. त्यात शेपूट जमिनीला टेकलेली आणि नाक आभाळाकडं असताना उजव्या बाजूनं खाली येणारं पातं जास्त जोर लावतं, तेही डावीकडंच ढकलतं. तिघं एका बाजूला आणि तुम्ही एकटे. म्हणून थ्रॉटल एकदम द्यायचा नाही. चार-पाच सेकंद घेऊन चढवायचा आणि उजवा रडर (शेपटीच्या उभ्या पात्याचा हलणारा भाग) आधीपासून हातात ठेवायचा.

आता पडण्याचं. विमान उचललं ते वेगानं नाही, थ्रॉटलच्या जोरावर उचललं. पंखाखालून पुरेशी हवा जायच्या आत ते जमीन सोडून बसलं. अशा वेळी तुम्ही काठी उजवीकडं दाबली की डाव्या पंखाचं एलेरॉन, म्हणजे मागच्या कडेची हलणारी पट्टी, खाली वळतं. एरवी त्यानं तो पंख वर उचलला असता. पण पंख आधीच जेमतेम तग धरून असला तर एलेरॉन खाली गेल्यानं त्याचा हवेशी होणारा कोन आणखी वाढतो, हवा पंखाला सोडून देते आणि तोच पंख धाडकन खाली येतो. याला टिप स्टॉल म्हणतात. लढाऊ विमानांच्या मॉडेलना हा रोग जास्त, कारण पंख टोकाला निमुळते आणि आकाराच्या मानानं वजन जास्त. हळू असताना पंख पडला तर नाक थोडं खाली करून वेग घ्यायचा, रडरनं सावरायचं, एलेरॉनला हात लावायचा नाही. हे वाचायला सोपं आहे. माझ्या बोटांना कळायला दोन वर्षं आणि चार विमानं लागली.

माझं पहिलं विमान ट्रेनरच होतं, आठशे ग्रॅमचं. तरी पाडलं. कारण दुसरंच. विमान आपल्यापासून लांब जात असतं तोवर सगळं ठीक. ते वळून आपल्याकडं तोंड करून यायला लागलं की त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते आणि डोकं चालत नाही. ३४ वर्षं खांबावर चढलो, कधी हात कापला नाही, पण त्या दिवशी विमान माझ्याकडं यायला लागलं तसे पाय लटपटले. शेवटी एक युक्ती सापडली: समोरून येताना जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्याच बाजूला काठी न्यायची. जणू खांद्याला टेकू देतोय. विचार करायचाच नाही, टेकू द्यायचा.

हे सगळं घरी बसून शिकता येतं. पिकासिम नावाचा सिम्युलेटर फुकट आहे. रिमोट केबलनं कॉम्प्युटरला जोडायचा आणि महिनाभर रोज अर्धा तास फक्त समोरून येणारं विमान उडवायचं. मी नातवाच्या लॅपटॉपवर केलं. तिथं दीडशे विमानं पाडली, पैसा शून्य.

आता माझ्याकडं हरिकेन (तेही ब्रिटिश लढाऊ विमान) आहे, घरी बनवलेलं. साहेब, तुमचं मन स्पिटफायरवर बसलंय, पण आमच्या जमिनीवर ते त्रास देतं. स्पिटफायरची चाकं बाहेरच्या बाजूला मिटतात, म्हणून दोन चाकांत अंतर कमी, जरा खड्डा लागला की कोलमडतं. हरिकेनची आत मिटतात, त्यामुळं ते पाय फाकवून उभं राहतं. पंखही जाड. आणि आपल्या हवाई दलानं दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हरिकेन उडवली, म्हणून आपलेपणाही वाटतो. मी बनवलं ते सनपॅकचं, म्हणजे प्रचाराच्या बोर्डांच्या पोकळ प्लास्टिक शीटचं. निवडणूक झाल्यावर बोर्ड उतरवणाऱ्या पोरांकडून चार मागून आणले होते. वरून हिरवा-तपकिरी रंग दिला, खालून द्यायचा राहिला. डोक्यावरून गेलं की "प्रचंड बहुमताने" एवढी अक्षरं स्पष्ट वाचता येतात. गावातली पोरं त्याला आमदार म्हणतात.

मिटणाऱ्या चाकांचा नाद तूर्त सोडा. आपल्याकडच्या मुरमात ती तीन उड्डाणं टिकत नाहीत. मी तर चाकंच काढली. हातानं फेकतो, गवतावर पोटावर उतरवतो.

बॅटरीचं नीट ऐका, इथं मी हयगय करत नाही. तीन सेलची २२०० एमएएचची लिपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) असेल तर २.२ अँपिअरपेक्षा जास्त करंटनं चार्ज करू नका. पूर्ण भरल्यावर प्रत्येक सेल ४.२ व्होल्ट. आठवडाभर उडवायचं नसेल तर ३.८ वर आणून ठेवायची, भरलेली ठेवायची नाही. मी वाळू घातलेल्या मातीच्या कुंडीत ठेवतो, व्हरांड्यात. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही. आणि एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत ना बॅटरी ठेवा ना फोम. सोलापूरच्या उन्हात माझ्या एका पंखाचा पापड झाला होता.

घरात मोटर तपासताना प्रोपेलर काढून ठेवा. माझ्या उजव्या तर्जनीवर तीन टाके आहेत, ते खांबावरचे नाहीत.

शेवटचं, माझ्या जुन्या धंद्यातलं. विमान विजेच्या तारेवर अडकलं तर ते गेलं असं समजा आणि कार्यालयाला फोन करा. काठीनं, बांबूनं, दोरीनं काढायला जाऊ नका. ११ केव्हीची तार आहे की घरगुती, हे खालून उभ्या माणसाला नेहमी कळत नाही.

---

नकाशा_बघा

लाइनमन काकांनी सगळं सांगितलं, एक राहिलं. जुळे सोलापूर? होटगी रोडचा विमानतळ तिथून किती लांब आहे बघितलंत का? तो आता नावापुरता नाही. उड्डाणाच्या वाटेत येते म्हणून साखर कारखान्याची चिमणी २०२३ च्या जूनमध्ये पाडली, ती अख्ख्या गावानं बघितली. २०२५ पासून प्रवासी विमानंही सुरू झाली.

ड्रोन नियम २०२१ मॉडेल विमानांनाही लागू आहेत. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवायचं नाही. ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत, त्यापुढं हिरव्या झोनमध्ये, म्हणजे परवानगी न घेता उडवता येतं त्या भागात, ४०० फुटांपर्यंत. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवर नकाशा आहे, तिथं आपलं शेत शोधा, नोंदणीचंही बघून घ्या. शहराचा बहुतेक भाग त्या ८ किलोमीटरमध्येच येतो. आणि नान्नजकडं मोकळं माळरान दिसतं म्हणून तिकडं जाऊ नका, ते माळढोकचं अभयारण्य आहे.

---

टॉवेलवाला

अरे देवा. विमानतळ डोक्यातच आला नाही. बरं झालं तीन सेकंदांत पडलं.

काका, एलेरॉनचं दोनदा वाचलं, मग मस्टँग हातात धरून काठी हलवून बघितली. खरंच डावीकडचं खाली जातंय. एक शंका: विमानाचा तोल कुठं असावा? नाक चिकटवताना अर्धी ट्यूब गम गेलाय.

---

निवृत्त लाइनमन, शेळगी

पंख अंगाला चिकटतो तिथं त्याची पुढून मागं रुंदी मोजा. पुढच्या कडेपासून पाव भाग ते तीस टक्के, एवढ्यात तोल हवा. दोन बोटांवर उचलून बघा, नाक किंचित खाली गेलं पाहिजे. बॅटरी पुढं-मागं सरकवून जमतं. शेपूट जड राहिली तर कितीही चांगला हात असो, विमान बैलासारखं उधळतं. विमानासोबत आलेल्या कागदावर वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरा.

आणि रविवारी या. तुळजापूर रोडला तामलवाडीच्या अलीकडं माझ्या साडूचं रान आहे, नकाशात बघून ठेवलंय. सकाळी सहाला. नऊनंतर वारा सुटतो. ट्रेनर माझं आहे, दोन रिमोट जोडायची केबल आहे. तुमच्या हातून गेलं की मी माझ्याकडं घेतो.

---

टॉवेलवाला

अडीच महिन्यांनी लिहितोय. मार्च-एंडच्या ऑर्डरी होत्या.

काकांकडं सात रविवार झाले. पहिले तीन रविवार विमान माझ्या हातात दहा-दहा सेकंदच राहायचं, मग काका "सोडा" म्हणायचे. चौथ्या रविवारी म्हणालेच नाहीत. मी वळून बघितलं तर ते बांधावर बसून शेंगा सोलत होते, केबल न जोडताच मुख्य रिमोट माझ्या हातात दिलेला. मग काय, बघायला वळलो तेवढ्यात विमान तुरीत गेलं. शोधायला पाऊण तास लागला, ओळ धरून चालत. शेजारच्या रानातल्या मावशींनी पंख आणून दिला आणि विचारलं, "यात माणूस कुठं बसतो?"

गेल्या रविवारी मात्र एकट्यानं सहा मिनिटं उडवलं आणि ज्वारी काढलेल्या रानात उतरवलं. सड लागून पोटाला दोन चिरा पडल्या, बाकी धड. एक गंमत सांगतो. मागाचा आवाज जरा बदलला की मला पाठ फिरवलेली असतानाही धागा तुटल्याचं कळतं. परवा विमान वर असताना मोटरचा आवाज तसाच खरखरला. लगेच खाली आणलं, तर प्रोपेलरच्या एका पात्याचं टोक उडालेलं. काकांच्या ते कानावर आलं नव्हतं. ते म्हणाले, डोळ्याचं मी बघतो, कानाचं तुम्ही बघा.

पुढच्या महिन्यात काका त्यांचं आमदार हातात देणार आहेत. मस्टँग अजून कपाटावरच आहे. धूळ बसते म्हणून बायकोनं त्याच्यावर टॉवेल टाकून ठेवलाय, आमच्याच मागावरचा, सेकंड क्वालिटी.